एका वाक्यामागचे चाळीस उंदीर : नागपुरातला एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं आहे. तिला विचारूनच लिहिते आहे, पण तिचं नाव देत नाही आणि कॉलेजचंही देत नाही. मी स्वतः नागपुरातच पीएचडी करते, त्यामुळे आठवड्यातले चार-पाच दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतेच. जानेवारीचे दिवस होते, चांगलीच थंडी, खिडकीजवळ जिथे ऊन येतं त्या टेबलासाठी सकाळी लवकर जाऊन जागा धरावी लागायची आणि तिथेच ही समोर येऊन बसायला लागली. लॅपटॉप, झेरॉक्सचा गठ्ठा, एक लांब वही. दोन दिवस मी पाहत होते, एकच पान लिहायची आणि खोडायची. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "ताई, तुमचं पण सायकॉलॉजीच आहे न? रिव्ह्यू ऑफ लिटरेचर म्हणजे साधारण किती पानं लिहा लागते?" म्हणजे विषयावर आधी कोणी काय काम केलंय त्याचा प्रबंधातला आढावा.

तिच्या प्रबंधाचा विषय होता 'नागपुरातल्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांमधला मानसिक ताण'. विषय का घेतला म्हणून विचारलं तर म्हणाली, घरी दादा आहे, एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट, रोज सकाळी सातला डबा घेऊन अभ्यासिकेत जातो ते रात्री दहाला येतो, आणि पूर्वपरीक्षा पंधरा दिवसांवर आली की जेवणच सोडतो. पेपर हातात पडला की पाठ असलेलं पण आठवत नाही म्हणतो. "त्याले नेमकं काय होते ते मले समजून घ्याचं आहे." मला वाटतं संशोधनासाठी याच्याहून चांगलं कारण नसतं. पण कारण चांगलं असलं तरी विषय तसाच घेऊन चालत नाही, आणि अडचण तिथेच सुरू झाली होती.

मराठीत 'ताण' हा शब्द आपण सगळ्यालाच वापरतो. कामाचा ताण, पैशाचा ताण, परीक्षेचा ताण, आणि नुसतं 'टेन्शन' म्हटलं की त्यात भीती, काळजी, धडधड सगळंच आलं. मानसशास्त्रात ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं साहित्य वेगळ्या कपाटात बसलेलं आहे. ही गूगलवर 'स्ट्रेस अमंग स्टुडंट्स' असं टाकून बसली होती, त्यात लाखो रिझल्ट येतात, नर्सिंगच्या मुलींवरचे, कोविडमधले, परदेशातल्या मेडिकल कॉलेजांतले, आणि त्यातले पहिले पंचवीस-तीस टॅब उघडे ठेवून ती रडकुंडीला आली होती. मी तिला एवढंच विचारलं की दादाला जे होतं ते वर्षभर होतं की परीक्षा जवळ आल्यावर? म्हणाली, परीक्षा आल्यावरच, एरवी तर मस्त असतो. मग याला स्ट्रेस नाही म्हणायचं, याला टेस्ट अँक्झायटी म्हणतात, परीक्षेची चिंता, आणि यावर 1952 पासून नीट काम झालेलं आहे, त्या वर्षी मँडलर आणि सारासन यांनी ही कल्पना मांडली. एक शब्द बदलला आणि तिचे अर्धे टॅब त्याच संध्याकाळी बंद झाले.

आता कपाटांकडे. आपल्याकडे ग्रंथालय म्हटलं की अभ्यासिकाच डोळ्यापुढे येते, आपली पुस्तकं आपण घेऊन जायची, पंख्याखालची खुर्ची धरायची, पुस्तकांच्या रॅककडे सहसा कोणी जात नाही. मी त्या मुलांना नावं ठेवत नाही, घरी जागा नसते, लाइट जातात, आणि ही मुलं म्हणजेच तर हिच्या संशोधनातले लोक होते. पण हिलाही तीच सवय होती. दोन वर्षं ग्रंथालयात येत होती आणि रॅकमध्ये एकदाही शिरली नव्हती. आम्ही दोघी शिरलो तर ती सरळ 150 कडे गेली, कारण ड्युईच्या आकड्यांत, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीत, मानसशास्त्र 150 ला असतं एवढं तिला माहीत होतं. तिथे जनरल सायकॉलॉजीची जाड जाड पुस्तकं, स्मृतीवरची 153 ला, विकासाची 155 ला, आणि परीक्षेच्या चिंतेवर काहीच नाही. तिला वाटलं आपल्या ग्रंथालयात पुस्तकंच नाहीत.

तिथले एक काका, बरीच वर्षं झाली त्यांना त्या रॅकमध्ये, ते ऐकत होते. म्हणाले, "बाई, काँप्युटरवर टायटल टाकून नको पाहू, सब्जेक्ट टाकून पाह्य." तसं पाहिलं तर तिचा विषय पाच ठिकाणी पसरलेला निघाला. परीक्षा आणि चाचण्या 371.26 ला, म्हणजे शिक्षणशास्त्राच्या रॅकमध्ये. शैक्षणिक मानसशास्त्र 370.15 ला. आजार म्हणून चिंता पाहायची तर 616.85 च्या आसपास, थेट वैद्यकशास्त्रात. मानसशास्त्रीय चाचण्या कशा तयार करतात ते 150.28 ला. आणि संख्याशास्त्र 519.5 ला, गणिताच्या शेजारी. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कोणीतरी पहिल्याच महिन्यात सांगायला पाहिजे, कारण आपला विषयच असा आहे की तो एका खोलीत राहत नाही. 371.26 च्या रॅकमध्ये तिला दोन जुनी पुस्तकं मिळाली, आणि त्यातल्या एकाच्या मागच्या संदर्भयादीतून जेवढी कामाची नावं निघाली तेवढी महिनाभराच्या गूगलमधून निघाली नव्हती.

ऑनलाइनचं थोडक्यात सांगते. एरिक नावाचा अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा डेटाबेस आहे, तो पूर्ण फुकट आहे, घरून मोबाइलवरही उघडतो. त्यात प्रत्येक लेखाला ठरलेले विषय-शब्द लावलेले असतात आणि 'टेस्ट अँक्झायटी' हा त्यातला एक आहे, त्यामुळे लेखकाने शीर्षकात काहीही लिहिलेलं असो, लेख सापडतो. गूगलमध्ये मात्र 'टेस्ट अँक्झायटी', 'एक्झाम अँक्झायटी', 'एक्झामिनेशन स्ट्रेस' अशी तिन्ही रूपं अवतरणचिन्हांत टाकून मध्ये 'ऑर' लिहून शोधावं लागतं, कारण आपल्याकडचे लोक बहुतेक एक्झामिनेशन लिहितात आणि अमेरिकेतले टेस्ट. शोधगंगेवर भारतातले प्रबंध आहेत, ती गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था चालवते. तिथून भारतीय विद्यार्थ्यांवर कोणी काय काय काम केलं ते कळतं. आणि वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे पैसे भरून वाचायची जर्नल्स संस्थांना उघडून देणारी योजना, जी केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केली, तीन वर्षांसाठी 6000 कोटी, 30 प्रकाशक, जवळपास 13000 जर्नल्स. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे, हिचं कॉलेज खासगी, म्हणून कॉलेजच्या वायफायवर पैसे मागणारा लेख विद्यापीठाच्या नेटवर्कवर बसलं की उघडायचा. त्यासाठी ती मेट्रोने शंकरनगरला उतरून पायी यायची. एका पीडीएफसाठी एवढं कशाला असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या.

आता खरं प्रकरण.

फेब्रुवारीच्या मध्यावर तिने प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा, म्हणजे त्या रिव्ह्यूचा, पहिला मसुदा मला वाचायला दिला. त्यात पहिल्याच पानावर एक वाक्य होतं, अर्थ असा की यर्कीस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 साली सिद्ध केलं की चिंता माफक असेल तर परीक्षेतली कामगिरी उत्तम होते आणि फार कमी किंवा फार जास्त असेल तर ती घसरते. खाली उलट्या यूची, म्हणजे इंग्रजी U उलटा ठेवल्यासारखी, आकृती. आणि याच वाक्यावर तिचं गृहीतक उभं होतं, की मध्यम चिंता असलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळतील. मी विचारलं, 1908 चा लेख वाचलास का? म्हणाली, "नाही ताई, पण हे सगळेच लिहून राहिले न." आणि तिने मला खरंच दाखवलं, शोधगंगेवरचे सहा प्रबंध, सहाही ठिकाणी तेच वाक्य, शब्द थोडे इकडेतिकडे.

इथे मला एक कबूल करायलाच हवं. माझ्या एम.ए.च्या प्रबंधातही तेच वाक्य आहे. मीही लेख वाचलेला नव्हता, माझ्या सीनियरच्या प्रबंधातून घेतलं होतं, आणि मला तेव्हा कोणी विचारलं नाही. म्हणून मी तिला रागावू शकले नाही, म्हटलं चल, आपण दोघी मिळून वाचू.

लेख सापडायला दहा मिनिटं लागली. तुलनात्मक मज्जाशास्त्र आणि मानसशास्त्राच्या एका जर्नलमध्ये आलेला, 24 पानांचा, आणि टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाने मानसशास्त्रातले जुने मूळ लेख जिथे फुकट ठेवले आहेत तिथे तो पूर्ण आहे. नावातच चिंता नाही आणि कामगिरीही नाही. नाव आहे उत्तेजनाची तीव्रता आणि सवय लागण्याचा वेग यांचा संबंध. वाचायला मात्र दोन दुपारी गेल्या, कारण इंग्रजी जुनं आणि तक्त्यांवर तक्ते. त्यात आहेत चाळीस उंदीर. नाचरे उंदीर म्हणतात ती जात, गोल गोल फिरणारी. एका खोक्यात दोन वाटा, एक पांढरी आणि एक काळी, उंदराने पांढऱ्या वाटेने जायचं, काळीत शिरला की पायाला विजेचा झटका. रोज दहा वेळा. सलग तीन दिवस एकही चूक झाली नाही की उंदीर शिकला असं धरायचं. मग झटका कमी-जास्त करून पाहिलं की कोणत्या झटक्याने उंदीर लवकर शिकतो, आणि उजेड बदलून काळ्या-पांढऱ्यातला फरक ओळखणं सोपं, मध्यम आणि अवघड केलं.

निकाल काय आला? फरक ओळखणं मध्यम किंवा अवघड होतं तेव्हा मधलाच झटका सगळ्यात चांगला ठरला, आणि जितकं अवघड तितका तो चांगला झटका हलका होत गेला. पण जिथे फरक ओळखणं सोपं होतं तिथे झटका जितका जोरात तितका उंदीर लवकर शिकला. म्हणजे तिथे उलटा यू नाहीच. एकेका गटात उंदीर दोन किंवा चार.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, यात तर परीक्षाच नाही. चिंतासुद्धा नाही." मी म्हटलं, नाही. "मग माझ्या दादाचा याच्याशी काय संबंध?" मला त्या क्षणी फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न तिचा स्वतःचा होता, कोणत्याही प्रबंधातून उतरवलेला नव्हता.

मग आम्ही उलट दिशेने गेलो. गूगल स्कॉलरवर प्रत्येक लेखाखाली 'याचा उल्लेख कोणी केला' अशी लिंक असते, ती दाबली की नंतरच्या काळात कोणी कोणी हा लेख वापरला ते दिसतं. संदर्भयादीतून मागे जाता येतं आणि या लिंकवरून पुढे, दोन्ही केलं की एका कल्पनेचा प्रवास कळतो. त्यात तिला टायगेन यांचा 1994 चा लेख मिळाला, ज्यात नेमकं हेच शोधलंय, की उंदरांच्या झटक्याचा हा नियम पुढे कसकसा बदलत गेला. 1950 च्या दशकात तो वर आला, ब्रॉडहर्स्ट यांनी 1957 मध्ये भावनिकतेच्या संदर्भात मांडला, त्याआधी 1955 मध्ये हेब यांनी मेंदूच्या जागृतीचा, म्हणजे मेंदू किती चेतलेला आहे त्याचा, उलटा यू काढला होता, आणि हळूहळू झटक्याच्या जागी प्रेरणा आली, जागृती आली, ताण आला, चिंता आली, सवयीच्या जागी कामगिरी आली. नाव मात्र यर्कीस आणि डॉडसन यांचंच राहिलं. त्यांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या नावावर कित्येक दशकं फिरतं आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण मला ती मनापासून खटकते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांच्या आत असलं की दंड नाही, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्या टक्क्यांवर. सॉफ्टवेअर शब्द पकडतं. दुसऱ्याचं वाक्य स्वतःच्या शब्दांत फिरवून लिहिलं आणि कंसात न वाचलेल्या लेखाचं नाव टाकलं तर ते सुखरूप सुटतं. हिचा मसुदाही आरामात सुटला असता. मानसशास्त्रात संदर्भ लिहायची जी एपीएची पद्धत आहे तिच्यात यासाठी सरळ सोय आहे, मूळ लेख मिळाला नाही तर ज्याच्यात वाचलं त्याचं नाव देऊन 'मध्ये उद्धृत' असं लिहायचं, त्यात कमीपणा काही नाही. पण तसं लिहिलं की संदर्भयादी छोटी दिसते म्हणून लोक लिहीत नाहीत.

गृहीतक तर पडलं. दोन दिवस ती आलीच नाही, मला वाटलं विषय सोडला. तिसऱ्या दिवशी आली ती दोन लेख प्रिंट काढूनच. लीबर्ट आणि मॉरिस यांनी 1967 मध्ये परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग केले होते, एक डोक्यातली काळजी, 'माझं कसं होणार, मी नापास झालो तर', आणि दुसरा शरीराची धडधड, घाम, पोटात गोळा. आणि हेम्ब्री यांनी 1988 मध्ये 562 अभ्यास एकत्र करून पाहिले त्यात कामगिरीशी जास्त जोडलेली निघाली ती काळजी, धडधड कमी. तिला हे वाचून दादाच आठवला. "त्याचे हातपाय थरथरत नाही ताई, तो बसून विचारच करत राहते." म्हणजे तिला हवं होतं ते इथे होतं, आणि ते तिने वाचून शोधलं होतं.

चाचणी निवडणं हे वेगळंच काम निघालं. आधी तिच्याकडे कुठल्यातरी वेबसाइटवरून उतरवलेली पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली होती, कोणी बनवली ते लिहिलेलं नाही, विश्वसनीयता किती ते नाही. ती बाजूला ठेवायला लावली. स्पीलबर्गरची 1980 ची टेस्ट अँक्झायटी इन्व्हेंटरी सगळ्यात जास्त वापरली जाते, 20 विधानं, काळजी आणि धडधड दोन्हींचे वेगळे गुण, हिच्या कामाला अगदी बरोबर, पण तिचे हक्क राखीव आहेत, विकत परवानगी घ्यावी लागते. मग तिला एरिकवरच ड्रिस्कॉल यांची दहा विधानांची वेस्टसाइड चाचणी मिळाली, छोटी, उघड उपलब्ध, सोबत ती कशी तपासली त्याचा अहवाल. दोन भागांचे वेगळे गुण त्यात मिळत नाहीत ही तिची मर्यादा, आणि तिने ती मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहिली. काळजी आणि धडधड यातला फरक तिने मग मुलाखतींतून पाहायचं ठरवलं, दहा-बारा मुलांशी बोलून.

भाषांतराचा भाग मला सगळ्यात आवडला. पहिला मसुदा तिने पुस्तकी मराठीत केला होता, 'परीक्षा समीप येता एकाग्रता साधणे कठीण होते' असं काहीतरी. ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये उलट-भाषांतराची पद्धत सांगितली आहे, एकाने मराठीत करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहायचं. उलट-भाषांतर मी केलं. इंग्रजी व्यवस्थित परत आलं, पण अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिने चार पोरांना ते विधान वाचून दाखवलं तर एक म्हणाला, "म्हणजे डोक्यात काही घुसत नाही, असंच न?" तेच तिने ठेवलं. 'परीक्षा जवळ आली की वाचलेलं डोक्यात घुसत नाही.' 'चिंता' शब्दावर त्या पोरांनी खांदे उडवले, 'टेन्शन' म्हटल्यावर सगळे बोलायला लागले, म्हणून प्रश्नावलीत टेन्शनच राहिलं, आणि का राहिलं याचं एक पान तिने जोडलं. गाइडनी त्यावर आधी भुवया उंचावल्या, मग ब्रिस्लिनचा संदर्भ पाहून मान्य केलं.

मार्चअखेर ऊन तापलं, खिडकीजवळचं ते टेबल आता कोणालाच नको होतं, आणि ती डेटा गोळा करायला अभ्यासिकांमध्ये फिरायला लागली. तिचे निकाल तिचे आहेत, ते तीच मांडेल. दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं पान मात्र मी तिच्या परवानगीने इथे सांगते, कारण त्यावर आता उलटा यू नाही. तिथे लिहिलं आहे की यर्कीस आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर विजेच्या झटक्याचा प्रयोग केला, काम सोपं असताना झटका जोरात असेल तर शिकणं लवकर झालं आणि अवघड असताना मध्यम झटका बरा ठरला, माणसाच्या परीक्षेतल्या चिंतेबद्दल त्या लेखात विधान नाही, पुढे ते कसं जोडलं गेलं त्यासाठी टायगेन 1994 पाहावा. पाच ओळी.

मे महिन्यात तिचा एक ज्युनिअर तिच्याकडे प्रबंधाची फाइल मागायला आला, रिव्ह्यू कसा लिहिला ते पाहायला. तिने फाइल दिली आणि सोबत उंदरांच्या त्या लेखाची प्रिंटही दिली, चोवीस पानं, समासात पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिलेले. संध्याकाळी मला मेसेज आला, "ताई, तो विचारत होता किती पानं लिहायची."